वरच्या थरावरचा मुलगा कितवीत आहे?



गोकुळाष्टमी जवळ आली की आमच्या वाघोलीत नगर रस्त्याच्या कडेला मोठमोठे फलक लागतात. बक्षिसाचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत, त्याखाली नेत्यांचे चेहरे, मग कोणती अभिनेत्री येणार तिचा फोटो. एक गोष्ट मात्र त्या फलकावर कधीच नसते, ती म्हणजे नियम. खेळ म्हटला की नियम आलेच, आणि दहीहंडी हा आता सरकारदरबारी रीतसर खेळ आहे. त्यातल्या एकाच नियमाबद्दल आज लिहायचे आहे : वर चढणाऱ्याचे वय. हा नियम कसा आला, किती वेळा बदलला आणि येऊनही लागू का होत नाही, हा गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास आहे. इतिहास शिकवण्यात माझी एकतीस वर्षे गेली, त्यामुळे सनावळ्या येणारच, तेवढे सांभाळून घ्या!

माझे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. त्या काळी, म्हणजे साठच्या आसपास, हंडी चाळीच्या दोन गॅलऱ्यांमध्ये दोर बांधून टांगलेली असायची. चार थर, फार तर पाच. वरून बायका बादल्यांनी पाणी ओतायच्या, खाली "गोविंदा आला रे" चालू. बक्षीस म्हणजे हंडीला बांधलेल्या काही नोटा आणि एक नारळ. माझगावच्या ताडवाडीसारख्या पथकांचे नाव तेव्हा आमच्यात आदराने घेतले जाई. वर चढणारा पोरगा चाळीतलाच असे, तो कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि त्याची आई गॅलरीतून बघत असे. नियम असा नव्हता, पण ती आई होती.

त्याहून मागे गेलो तर हा काला वारकऱ्यांचा. आषाढी पौर्णिमेला पंढरपुराजवळ गोपाळपूरला काला होतो. गावोगावच्या सप्ताहांची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, कीर्तनकार हंडी फोडतात आणि सगळे दहीलाह्यांचा प्रसाद खातात. यात उंची कुठेच नाही. हात वर केला की पोचेल एवढी ती हंडी असते. हे सांगायचे कारण असे की "परंपरा आहे" हा मुद्दा पुढे न्यायालयात फार वेळा मांडला गेला. काला परंपरा आहे, हे मान्य. नऊ थर ही परंपरा नव्हे, ते बक्षिसाने आणले.

ठाण्यात टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांची हंडी मोठी होती. पुढे पाचपाखाडीत जितेंद्र आव्हाड, वर्तकनगरला प्रताप सरनाईक, घाटकोपरला राम कदम अशा नेत्यांच्या हंड्या आल्या आणि बक्षिसे लाखांत गेली. ट्रक भरभरून पथके मुंबईहून ठाण्याला जाऊ लागली. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीज बुकात नाव गेले. त्याआधीचा विक्रम १९८१ पासून स्पेनकडे होता. मराठी पोरांनी तो मोडला याचा मलाही आनंद झाला होता, खोटे कशाला बोलू!

आता वरचे मूल लहानच का लागते, ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. लोक म्हणतात बाळकृष्ण लहान होता म्हणून. भावना म्हणून ठीक आहे. खरे कारण वजनाचे आहे. चार थरांत वरचा मुलगा तीस किलोंचा की पन्नास किलोंचा याने फारसे बिघडत नाही. पण आठ-नऊ थरांत वरचे थर एकेकट्या माणसाचे असतात. त्या उंचीवर वीस किलो जास्त म्हणजे खालच्या प्रत्येकाच्या खांद्यावर वीस किलो जास्त, शिवाय वर जे थोडे हलते त्याचा हेलकावा खाली येतो. म्हणून जितके थर जास्त तितके वरचे मूल हलके हवे. आणि हलके म्हणजे लहान.

समजा दोन पथके एकाच हंडीपुढे उभी आहेत. एकाने सोळा वर्षांचा, पंचेचाळीस किलोंचा मुलगा वर चढवायचे ठरवले, दुसऱ्याने दहा वर्षांचा, पंचवीस किलोंचा. आठवा थर कोणाचा लागेल? बक्षीस कोण नेईल? वयाच्या नियमाकडे आपण नेहमी मुलाच्या जिवाच्या बाजूने बघतो, आणि तेच आधी बघायला हवे. पण त्याला दुसरी बाजूही आहे. नियम आहे आणि तो लावला जात नाही, तेव्हा नियम पाळणारा हरतो. पुढच्या वर्षी तोही पाळत नाही.

आता सनावळ्या. ऑगस्ट २०१४ मध्ये नवी मुंबईत सराव करताना १४ वर्षांचा एक मुलगा पडून गेला. त्याच महिन्यात, ११ ऑगस्टला, सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात न्या. कानडे आणि न्या. कोदे यांनी आदेश दिला : १८ वर्षांखालील कोणी थरांत नको, आणि मनोरा २० फुटांपेक्षा उंच नको. शिवाय हेल्मेट, गाद्या वगैरे सुरक्षेच्या अटी. एकच हलकल्लोळ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तीनच दिवसांत उंचीची अट स्थगित झाली, वयाची अट १८ वरून १२ वर आली. ही सवलत त्या वर्षापुरती की कायमची, यावर पुढची दोन वर्षे वाद चालला. मधे २०१५ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवून टाकले. १७ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १८ वर्षे आणि २० फूट कायम केले. त्या वर्षी ठाण्यात मनसेने २० फुटांच्या दुपटीहून उंच हंडी उघडपणे बांधली, गुन्हेही नोंदले गेले. मग २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि ७ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. भूषण गवई (हेच पुढे २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, आपले अमरावतीचे) आणि न्या. कर्णिक यांनी निर्णय दिला. उंचीवर आणि वयावर न्यायालय स्वतः बंधन घालणार नाही, ते कायदेमंडळाचे काम. मात्र १४ वर्षांखालील मुलांना भाग घेऊ देणार नाही, असे सरकारने सांगितले आणि ते न्यायालयाने नोंदवून घेतले.

तीन वर्षांत १८, १२, पुन्हा १८ आणि शेवटी १४! एखाद्या मंडळाच्या कार्यकर्त्याला "नियम काय आहे?" विचारले आणि तो गोंधळला, तर त्याला मी तरी दोष देणार नाही.

हे १४ आले कुठून, तेही बघा. सरकारने आधार घेतला तो बालमजुरीच्या कायद्याचा, २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा. म्हणजे मुलाला कारखान्यात किती वयाला घ्यावे हे ठरवणारा आकडा हंडीला लावला. गंमत अशी की त्याच कायद्यात चौदाखालच्या मुलांना कलावंत म्हणून किंवा खेळात भाग घ्यायला सवलत आहे, फक्त सर्कस वगळून. आता चाळीस फुटांवर उभे राहणे हे खेळाच्या जवळचे की सर्कशीच्या, हे तुम्हीच ठरवा. आणि २०१४ साली जो मुलगा गेला तो चौदाचाच होता. आजच्या नियमात तो बसला असता.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. न्यायालयाने २०१४ साली दोन नियम घातले होते, उंचीचा आणि वयाचा. उंचीचा नियम कसा तपासायचा? दोरी बांधतानाच फूटपट्टी लावायची. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दिसते की हंडी दुसऱ्या मजल्याला आहे की चौथ्या. हंडीच वीस फुटांवर असेल तर नऊ थर लावायची गरजच नाही, मग हलक्या मुलाचीही गरज नाही. म्हणजे उंचीचा नियम पाळला की वयाचा नियम आपोआप निम्मा पाळला जात होता. आणि नेमका तोच गेला! उरला वयाचा, जो डोळ्यांना दिसत नाही, जो कागदावर बघावा लागतो, आणि कागद बघायला तिथे कोणी बसलेले नसते. निवेदक माईकवरून थर मोजतो, "सहा... सात... आठ!" वय मोजायला कोणाची नेमणूकच नाही.

वय आणि कागद याबद्दल शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार? माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. आई-बापाला तारीख सांगता यायची नाही, "मोठा पूर आला तेव्हाचा" असे काहीतरी सांगत, मग गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे. जनरल रजिस्टरमध्ये एकदा लिहिले की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. त्याच तारखेवर दाखला, दाखल्यावर नोकरी, नोकरीवर निवृत्ती. आता काळ बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, असा कायदा झाला आहे. ती मुले चौदाची होतील तेव्हा आम्ही नसू, पण निदान भांडण तरी नसेल.

शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. मी कबड्डीचे संघ घेऊन तालुक्याला जायचो. कबड्डी संघटनेच्या स्पर्धांत कुमार गटाला ७० किलोंची वजनाची अट असते. ती कधी कोणाला चुकवता आली नाही, कारण वजनकाटा सगळ्यांसमोर ठेवलेला. पोरे आदल्या रात्री जेवत नसत, सकाळी स्वेटर घालून पळत, पण काट्यावर उभी राहत. वयाचे तसे नाही. एकदा आमच्या १४ वर्षांखालच्या मुलांसमोर दुसऱ्या एका शाळेचा (नाव नको!) चढाईपटू आला, त्याला चांगली काळी मिशी. मी हरकत घेतली. हरकतीची फी भरली, कागद मागवले, कागद अगदी व्यवस्थित, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, फोटो. आम्ही हरलो. परतताना एसटीत आमच्या एका पोराने विचारले, "सर, कागद खरा असेल तर मिशी खोटी होती का?" मला उत्तर देता आले नाही, पण तो प्रश्न मी पुढे अनेक वर्षे शिक्षकांच्या खोलीत सांगायचो.

हे काही आपल्याकडेच आहे असे नाही. सिडनी ऑलिंपिकमध्ये, २००० साली, चीनच्या मुलींना जिम्नॅस्टिक्सचे सांघिक कांस्यपदक मिळाले. तिथे १९९७ पासून नियम आहे की त्या वर्षात मुलगी निदान १६ ची झाली पाहिजे. कारण तेच, लहान हलके शरीर हवेत सोपे फिरते. त्या संघातल्या डाँग फँगशियाओ या मुलीचे जन्मवर्ष १९८३ लिहिले होते. आठ वर्षांनी बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती तांत्रिक अधिकारी म्हणून काम करायला आली, तेव्हाच्या कागदावर जन्मवर्ष १९८६! म्हणजे सिडनीत ती १४ वर्षांची होती. चौकशी झाली आणि २०१० साली ते पदक काढून अमेरिकेच्या संघाला दिले. दहा वर्षे उशिरा का होईना, ज्या मुलींनी नियम पाळला होता त्यांना त्यांचे मिळाले. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१० साली वयाच्या लबाडीविरुद्ध संहिता काढली, क्रिकेट मंडळाने २०१२ पासून मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायला सुरुवात केली. हंडीच्या पायथ्याशी एक्स-रे मशीन ठेवा असे मी म्हणत नाही!

माझी भाची अमेरिकेत असते, तिची मुलगी चिअरलीडिंग करते. आपल्याकडे आयपीएलमुळे चिअरलीडर म्हटले की सीमारेषेजवळ नाचणाऱ्या मुली आठवतात, पण तिकडे तो स्पर्धेचा खेळ आहे, उड्या, कसरती आणि माणसांचे मनोरे. ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला पूर्ण मान्यता दिली. भाची फोनवर सांगत होती की क्लबच्या संघात नाव घालतानाच जन्मदाखला बघतात, वयाच्या गटात बसले नाही तर त्या संघात जागा नाही. आणि शाळांच्या मनोऱ्याची उंची दोन माणसांइतकी, कॉलेजला अडीच. तिथे उंची आणि वय हे दोन्ही नियम एकत्र नांदतात, हे ऐकून मला आपले २०१४ आठवले.

स्पेनच्या कॅटलोनियात तर आपल्या हंडीची सख्खी बहीण आहे. कास्टेल म्हणतात, नऊ-दहा थरांचे मनोरे, युनेस्कोच्या वारसायादीत २०१० पासून. तिथेही सर्वात वर लहान मूलच चढते, वयाची बंदी त्यांनी घातली नाही. पण २००६ साली मातारो गावच्या पथकातली १२ वर्षांची मुलगी पडून गेली, आणि त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आले. त्यांच्या स्पर्धेतला एक नियम मला फार आवडला. मनोरा नुसता उभा राहिला तर कमी गुण, पूर्ण गुण तो नीट उतरवला तरच. आपल्याकडे हंडी फुटली की सगळे संपते, मग थर कोसळले तरी लोक टाळ्याच वाजवतात.

२०२२ साली मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. गोविंदांना नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ (यावर स्पर्धा परीक्षेची मुले चिडली, आणि माझ्या मते बरोबर चिडली), मृत्यू झाल्यास १० लाखांची मदत, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख. २०२३ मध्ये वरळीला प्रो गोविंदा स्पर्धा सुरू झाली. म्हणजे खेळाचे सगळे लाभ आले. खेळाचा पंच मात्र आला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, दहीहंडीच्या आधीच्या आठवड्यात, दहिसरला सराव करताना एक मुलगा वरच्या थरावरून पडला आणि गेला. वय ११. नियम १४ चा. पथकाच्या अध्यक्षावर गुन्हा नोंदवला गेला. तो नोंदवायलाच हवा होता, पण मला विचाराल तर हा अर्धाच न्याय आहे. मूल पडल्यावर वस्तीतल्या पथकाचा अध्यक्ष सापडतो. मूल पडले नाही, आठ थर लागले, तर व्यासपीठावर त्याच वयाच्या मुलाला उचलून घेतात, फोटो काढतात, हातात पाकीट देतात, आणि तिथे कोणाला कायदा आठवत नाही. बक्षीस देणारा, फलकावर चेहरा असणारा, तो या नियमात कुठेच नाही. त्याच वर्षी १६ ऑगस्टला ठाण्यात कोकण नगरच्या पथकाने दहा थर लावले. नवा विक्रम. कौतुक आहेच, पण दहाव्या थराच्या बातम्यांत अकरा वर्षांचा मुलगा आठवड्याभरात विसरला गेला.

आमच्या वाघोलीची गोष्ट सांगतो. मध्यंतरी एका हंडीला मी खुर्ची टाकून बसलो होतो. बाहेरगावचे पथक होते, सात थर लावले, वरचा चिमुरडा हेल्मेट घालून सरसर चढला आणि उतरला. पाणी पिताना त्याला जवळ बोलावले. वय विचारले असते तर "चौदा" असे पढवलेले उत्तर आले असते, म्हणून मी आपले मास्तरी पद्धतीने विचारले, "कितवीत आहेस रे?" लगेच म्हणाला, "पाचवी ब!" तुकडीसकट! पाचवी म्हणजे दहा, फार तर अकरा. शेजारचा कार्यकर्ता हसला, म्हणाला, "सर, तुम्ही पोलिसात पाहिजे होता."

यात फार मोठे काही लागत नाही, असे मला वाटते. विम्यासाठी पथकांना गोविंदांची यादी द्यावीच लागते, नावे, वये सगळी. तीच यादी आयोजकाने पायथ्याशी ठेवावी. वरच्या तीन थरांतल्या मुलांचे शाळेचे ओळखपत्र सलामीच्या आधी बघावे. नववीच्या खालचा असेल तर तो थर मोजू नये, मग नाव कितीही मोठे असो. बक्षीस गेले तर पथके स्वतःच सोळा-सतरा वर्षांची हलकी, चपळ मुले तयार करतील, थर एक-दोन कमी लागतील, आणि ज्यांनी आधीपासून नियम पाळला ती पथके वर येतील. आणि न पाळल्यास पहिला दंड बक्षीस देणाऱ्याला.

आमच्या भागातल्या एका मंडळाला मी हे पत्राने कळवले आहे. टेबल-खुर्ची द्या, मी आणि आणखी दोन निवृत्त शिक्षक यादी घेऊन बसतो, मानधन नको, फक्त डीजेपासून जरा लांब बसवा, एवढीच अट. अध्यक्ष माझ्याच एका विद्यार्थ्याचा मुलगा आहे. पत्र वाचून म्हणाला, "बघू सर, पथकांना विचारून सांगतो."